धरणगावात फ्रीजरची दाढी

जळगाव

परत आल्यापासून जो तो विचारतो, अजिंठा पाहिलं का. नाही पाहिलं. मी खान्देशात फिरायला गेलो नव्हतो. मी माझे फ्रीजर परत आणायला गेलो होतो, आणि ते परत आणावे लागू नयेत म्हणून भांडायला गेलो होतो. दोन्ही कामं एकाच पिशवीत घेऊन निघालेल्या माणसाला लेणी सुचत नाहीत.

गोष्ट १९९८च्या उन्हाळ्यातली. कोल्हापुरात उद्यमनगरात माझी शेड आहे. आइस्क्रीमवाले, थंडपेयवाले पेटीसारखे आडवे फ्रीजर वापरतात, ते मी बनवतो. पत्रा मी वाकवतो, नळ्या मी जोडतो, कॉम्प्रेसर तेवढा एका मोठ्या कंपनीचा घेतो. तो घेताना ती कंपनी माझ्याशी जशी बोलते, तसं मी शेडमधल्या मांजराशीही बोलत नाही.

आदल्या वर्षी ह्या कंपनीनं आम्हा लहान कारखानदारांना पुण्यात एका झगमगीत हॉटेलात बोलावलं. पडद्यावर पृथ्वीचं चित्र, त्यावर जांभळं भोक. जुना गॅस फ्रीजमधून गळतो, वर जातो, त्यात क्लोरीन असतं, ते आकाशातलं ओझोनचं पांघरूण खातं, मग ऊन माणसाला जाळतं. म्हणून जुना गॅस जगभर बंद होणार. नव्या गॅसमध्ये क्लोरीन नाही. एवढं सांगायला त्यांनी दुपार केली, तीही इंग्रजीत. मी सातवी शिकलेला आहे, पण चित्रं मला वाचता येतात. मला ते पटलं. ऊन जाळतं हे शेडच्या पत्र्याखाली राबणाऱ्याला चित्र दाखवून सांगावं लागत नाही. पटलं नाही ते इतकंच, की भोक पाडलं कुणी आणि बुजवायला बोलावलं कुणाला. माझ्या हातून गेलेल्या सगळ्या फ्रीजरांतला गॅस एकत्र केला तरी परदेशातल्या एका शहराच्या मोटारींतले एसी भरायचे नाहीत.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी उभा राहिलो. "नव्या गॅसची गळती शोधायची कशी?"

टाय लावलेले साहेब म्हणाले, "त्यासाठी आमचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे. बाहेर टेबलावर ऑर्डर नोंदवा."

"यंत्र कशाला? आमच्याकडं गळती शोधायची बत्ती आहे की."

"बत्तीवर काम करणाऱ्या शेडवाल्यांनी," साहेब मराठीत आले, "एवढ्यात नव्या गॅसच्या वाटेला न गेलेलंच बरं."

हॉल हसला. त्या हॉटेलातलं जेवण मी जेवलो नाही. कोल्हापूरला आलो आणि शेडमधला प्रत्येक नवा फ्रीजर नव्या गॅसवर घेतला. त्यातले बरेचसे जळगावच्या नानांमार्फत खान्देशात गेले. नाना म्हणजे माझे तिथले विक्रेते. साठीचे, पांढरी टोपी, आवाज कधी वर न जाणारा माणूस. फ्रीजर पाठवताना नव्या गॅसची टाकीही पाठवली आणि बजावलं, की भरायचा तर हाच भरा, जुना थेंबभरही नको.

चैत्र संपत आला आणि नानांचा फोन आला. "पाहुणे, तुमचे फ्रीजर घेऊन जा. तुमचा गॅस उन्हात मरतो."

मी गाडीत बसलो. जळगावला उतरलो तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते, तरी रस्ता ओस. आमच्याकडं ऊन डोक्यावर येतं; इथं ते समोरून येतं, भट्टीचं दार उघडल्यासारखं. रिक्षावाल्याशी घासाघीस केली. त्यानं लगेच माझा भाव मान्य केला, आणि नानांच्या दुकानाच्या बऱ्याच अलीकडं सोडून म्हणाला, "ह्या भावात इथपर्यंतच, भाऊ." कोल्हापुरात भाव करताना भांडण होतं आणि मग काम पूर्ण होतं. इथं भांडण होत नाही. हे मी लक्षात ठेवलं.

नानांनी आधी जेवायला बसवलं. शेवभाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा. शेवभाजीचा रस्सा काळपट, वरून गरीब दिसणारा. आमचा तांबडा रस्सा रंगावरूनच धमकी देतो; हा गप्प असतो आणि दुसऱ्या घासाला कानशिलात लावतो. मला ठसका लागला.

नाना म्हणाले, "सावकाश. फ्रीजरही असेच गप्प होते आधी."

"गॅस मरत नाही, नाना. गॅस म्हणजे काय कोंबडी आहे का?"

"मला काय कळतं? फ्रीजर सात-आठ दिवस गार, मग कोमट. मिस्त्री गॅस भरतो, परत आठवडाभर गार, परत कोमट. गळती म्हणाल तर बत्ती लावून पाहिली. गळती नाही. मग गॅस जातो कुठं?"

"कुठल्या मिस्त्रीनं पाहिली?"

"सगळ्यांनी. धरणगावच्या रमणनं तर तीनदा." मग ते हळूच म्हणाले, "परवा धुळ्याला तुमच्या कंपनीचे साहेब येताहेत. इकडच्या सगळ्या दुकानदारांना, मिस्त्रींना बोलावलंय. दोष कोल्हापूरच्या जोडकामाचा आहे म्हणे. कंपनी आता स्वतःचे फ्रीजर काढतेय. परवापर्यंत तुमच्याकडं काही उत्तर असेल तर सांगा. नाहीतर तिथंच सगळे परत करायचं ठरेल, आणि मी त्यांना अडवू शकणार नाही."

शेवभाजीपेक्षा हे जास्त लागलं. पुण्यात हॉलभर लोकांसमोर मला शेडवाला म्हणणारे साहेब आता माझ्या गिऱ्हाइकांसमोर तेच म्हणणार होते. एकदा खान्देशातून फ्रीजर परत आले असते, तर सोलापूर-लातूरकडचेही आले असते. माझं नाव गेलं असतं, आणि नावाशिवाय माझ्याकडं त्या शेडमध्ये दुसरं काही नव्हतं.

धरणगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांबरोबर धरणगावला गेलो. कापसाचं गाव. सरकीचा वास हवेत, आणि बाभळींच्या काट्यांना अडकलेले कापसाचे पुंजके, कुणीतरी पिंजून टांगल्यासारखे. स्टँडजवळ सुमनअक्कांचं दुकान होतं. लस्सी, कुल्फी, लिंबूसरबत. अक्का पन्नाशीच्या, पदर खोचलेल्या. गावातल्यांशी त्या अहिराणीत बोलायच्या आणि माझ्यासारख्याशी अर्धं मराठीत.

"हाऊ तुमना फ्रीजर," त्यांनी ओट्याकडं बोट केलं. "मी त्याला आता कपाट म्हणते. आतमा लसूण ठेवेल शे."

झाकण उचललं. खरोखर लसूण होता. पण माझं लक्ष बाहेरच्या बाजूकडं गेलं. फ्रीजरच्या दर्शनी पत्र्यावर हळदीच्या हाताचे पाच ठसे, वर कुंकू, आणि एका कडीला वाळलेलं आंब्याचं तोरण.

"हे काय आहे?"

"लग्नाला गेला होता ना."

"कोण?"

"फ्रीजर."

मला वाटलं अक्का माझी थट्टा करताहेत. तसं नव्हतं. नानांनी सांगितलं ते असं. इकडं ज्याच्याकडं फ्रीजर, तो त्याचा एकट्याचा नसतो. आळीतल्या लेकीचं लग्न निघालं की फ्रीजर लग्नघरी जातो. बैलगाडीत गादी टाकतात, त्यावर त्याला आडवा बांधतात, कुंकू लावतात, आणि शेताच्या वाटेनं नेतात. तिथं दोन दिवस आमरस, दही, पाणी गार ठेवतो आणि परत येतो. त्याचं भाडं कुणी घेत नाही, विचारतही नाही. अक्कांचा फ्रीजर त्या एका लग्नसराईत कितीतरी मांडव फिरून आला होता. शेजारच्या गावांतले माझे बाकीचे फ्रीजरही असेच मांडवोमांडवी हिंडत होते.

माझं डोकं सटकलं. "अक्का, हे यंत्र एका जागी उभं राहायला बनवलंय. ते काय वऱ्हाडी आहे?"

"वऱ्हाड्यांपेक्षा बरा होता. रुसत नव्हता." अक्कांनी फ्रीजरवर फडका मारला. "आता तोबी रुसी गया."

"कोल्हापुरात कुणी गंजीफ्रॉकसुद्धा उसना देत नाही, आणि तुम्ही फ्रीजर गावभर हिंडवता."

"मग तुमच्याकडं लग्नात आमरस गरमच पितात का?"

आमच्याकडं लग्नात आमरस नसतोच.

मग अक्का बसल्या आणि थट्टा संपली. आखाजी जवळ आली होती. आपण जिला अक्षय्य तृतीया म्हणतो ती; इकडं ती दिवाळीहून मोठी. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घरोघर आमरस. त्याच दिवशी अक्कांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. "मी शब्द देऊन बसले, की फ्रीजर माझा येईल. बहीण गरीब शे, तिच्या व्याह्यांसमोर तिचा मान राहावा म्हणून दिला. आता तुमचा डबा घेऊन जा आणि मला दुसरा, जुन्या गॅसवाला द्या. मना शब्द जाई राहिना, भाऊ."

माझं नाव आणि अक्कांचा शब्द एकाच पत्र्याच्या पेटीत अडकले होते. मी रमण मिस्त्रीला बोलवायला सांगितलं.

रमण आला तो बत्ती काखेत मारूनच. चाळिशीचा, मिशा कातरलेल्या, चालण्यात ऐट. त्याची बत्ती पितळेची, घासून आरशासारखी केलेली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खाली इंधनाची छोटी टाकी, वर निळी ज्योत, ज्योतीत तापणारी तांब्याची चकती, आणि बाजूला सोंडेसारखी रबरी नळी. ती सोंड पाइपांवरून फिरवत न्यायची. जिथून गॅस गळत असेल तिथं तो सोंडेतून आत ओढला जातो आणि ज्योत पटकन हिरवी होते. जुन्या गॅसवर ह्या बत्तीनं मीही उभी हयात गळत्या शोधल्या. गाडी जाताना फाटकवाला हिरवा दिवा दाखवतो ना, तितकी स्पष्ट.

"लाव बरं," मी म्हणालो.

रमणनं सोंड एकेका जोडावरून फिरवली. हात सुरेख होता, घाई नाही. ज्योत निळी ती निळीच.

"मनी बत्ती खोटं बोलत नई," तो म्हणाला. "गळती शेच नई. बठ्ठा गॅस उनमा मरी जास. तुम्ही आम्हाला खोटा गॅस दिला."

"गॅस खोटा नाही. तू टाकी उघडी टाकून विडी ओढायला जात असशील."

"मी विडी ओढत नाही."

"मग चहाला जात असशील."

"पाहुणे," नाना मधे पडले.

"थांबा नाना. हा माणूस माझ्या जोडकामाला नाव ठेवता येत नाही म्हणून माझ्या गॅसला ठेवतोय. माझा एकेक जोड शेडमध्ये साबणाच्या पाण्यात बुडवून बघितलेला असतो."

"साबण?" रमण हसला. "साबण लावून सायकलनी ट्यूब बघतस. हाई मशीन शे."

तो हसला आणि मला पुण्याचा हॉल आठवला. शेजारीच सलून होतं. मी तरातरा आत गेलो, सलूनवाल्याच्या हातातला दाढीचा ब्रश आणि फेसाची वाटी घेतली. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा एक गाल झाला होता, दुसरा बाकी होता. ते तसेच उठून माझ्यामागून बाहेर आले.

"फ्रीजर बंद करा," मी म्हणालो. "चालू असताना अर्ध्या नळ्यांतला दाब उतरतो. बंद करून गरम होऊ द्या."

"तो बंदच शे," अक्का म्हणाल्या. "गरमबी शे. दुसरं तो काहीच करत नाही."

रमणनं गॅस थोडा आत सोडला. मी उकिडवा बसून जोडांना फेस लावू लागलो. मागं आता सलूनवाला, अर्ध्या दाढीचे गृहस्थ आणि स्टँडवरचे चारपाच जण जमले होते. "कोनी दाढी करी राहिनात, भाऊ?" कुणीतरी विचारलं. "फ्रीजरनी," अक्का म्हणाल्या. "लगीनमा जावानं शे त्याले."

कॉम्प्रेसरमधून नळी बाहेर येते तिथं फेस लावला. काही झालं नाही. मी बोटानं नळी जराशी दाबली. फेसात एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. परत दुसरा. केसासारखी चीर होती. बैलगाडीच्या प्रत्येक गचक्याला कॉम्प्रेसर एकीकडं आणि नळी दुसरीकडं गेली होती, आणि तांबं थकलं होतं.

"दिसली का तुझी न गळणारी गळती?"

रमणनं फेस पुसला, बत्ती पेटवली, आणि सोंड त्या चिरेवर टेकवली. ज्योत निळी. त्यानं सोंड झटकली, परत टेकवली. निळी. त्याचा चेहरा असा झाला, जणू घरच्या माणसानं भर चौकात ओळख दाखवली नाही.

"बत्ती बिघडलीय तुझी," मी म्हणालो.

तो उठला, शेजारच्या पानवाल्याच्या, जुन्या गॅसवर चालणाऱ्या बाटल्यांच्या फ्रीजजवळ गेला. त्याचा व्हॉल्व्ह जेमतेम सैल करून सोंड लावली. ज्योत हिरवीगार झाली. सगळ्यांनी पाहिली. बत्ती ठणठणीत होती.

मी तिथं उन्हात उभा होतो आणि मला पुण्याचा पडदा दिसायला लागला. जुन्या गॅसमध्ये क्लोरीन, नव्यात नाही. आता कळलं ते हे, की तापल्या तांब्यावर ज्योत हिरवी होते ती गॅसनं नाही, त्यातल्या क्लोरीननं. आकाशाला भोक पाडणारं तेच, आणि आमच्या बत्तीला खूण देणारंही तेच. ते काढून घेतलं, ह्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बत्ती आंधळी झाली हे त्या साहेबांना माहीत होतं. मी उभा राहून, हात वर करून, नेमकं हेच विचारलं होतं. त्यांनी मला यंत्राची ऑर्डर नोंदवायला सांगितलं आणि हॉलला हसवलं. एक वाक्य पुरलं असतं. ते एक वाक्य न सांगितल्यापायी खान्देशभर मिस्त्री प्रामाणिकपणे बत्ती लावत होते, प्रामाणिकपणे गळती नाही म्हणत होते, आणि प्रामाणिकपणे परत परत गॅस भरत होते.

मी ते रमणला समजावलं. त्यानं दोनदा विचारलं, मग बत्ती विझवली. "म्हणजे तीन महिने मी लोकांना खोटं सांगितलं."

"तू नाही. सांगणारा धुळ्यात येतोय. चल माझ्याबरोबर."

त्याआधी आम्ही दोघांनी मिळून अक्कांचा जोड नव्यानं केला. ह्या वेळी मी नळी सरळ ठेवली नाही, कॉम्प्रेसरजवळ तिला मोकळं वेटोळं दिलं, म्हणजे गाडीचा गचका वेटोळ्यात जिरेल. ओल शोषणारी गाळणी बदलली, आतली हवा ओढून काढली, गॅस भरला. हे सगळं चालू असताना अक्कांनी फुनके आणि कढी वाढली. फुनके म्हणजे डाळ भरडून वाफवलेले लांबट गोळे, वर कच्चं तेल. मी असं काही आधी खाल्लं नव्हतं. रागात होतो तरी चार जास्त खाल्ले.

"जेवणाचे पैसे," मी म्हणालो.

"आधी फ्रीजर गार होऊ द्या," अक्का म्हणाल्या. "मग पैसे मी नाहीच घेणार."

अशा बाईशी भाव कसा करायचा मला अजून कळलेलं नाही.

नरडाणा

दुसऱ्या दिवशी मी आणि रमण निघालो. धरणगावहून रेल्वेनं नरडाण्याला उतरून पुढं धुळ्याची बस. गाडीत रमणची बत्ती टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर होती, आणि सलूनवाल्याचा ब्रश माझ्या खिशात. तो परत द्यायचा राहून गेला होता. समोरचे एक आबा बराच वेळ टॉवेलाकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "देव शे का?"

"बत्ती आहे. आंधळी झाली आहे."

"मग कुठं नेता?"

"जिनं डोळे काढले त्या कंपनीकडं."

आबांनी विचार केला. "ते देत नसतात परत," म्हणाले आणि खिडकीकडं वळले. बाहेर उन्हात काळी रानं पसरली होती, नांगरून ठेवलेली, पुढच्या पेरणीची वाट बघत. मला त्या माणसाचा राग आला, कारण मलाही तेच वाटत होतं.

धुळे

धुळ्यात एका लॉजच्या वरच्या हॉलमध्ये बैठक होती. नाना आदल्या दिवशीच जळगावला परतले होते, ते तिथून आधीच येऊन बसले होते. मागच्या रांगांत मिस्त्री, पुढं दुकानदार, भिंतीवर पडदा. पडद्यावर तेच जांभळं भोक आणि त्यापुढं तेच साहेब, तोच टाय. धुळ्याच्या त्या उन्हाळ्यात टाय लावणाऱ्या माणसाला लोक आदरानं नाही, काळजीनं बघत होते.

"गॅस निर्दोष आहे," साहेब सांगत होते. "दोष जोडकामात आहे. छोट्या शेडमध्ये बनलेला माल..."

"शेडवाला आला आहे," मी मागून म्हणालो.

मी पुढं गेलो. रमणला बत्ती पेटवायला सांगितली. नानांनी बरोबर आणलेल्या नव्या गॅसच्या टाकीचं तोंड मी किंचित उघडलं आणि सोंड त्याच्यापुढं धरली. गॅस फुसफुसत होता, अख्ख्या हॉलला ऐकू येत होता. ज्योत निळी. मागच्या रांगा हळूहळू उभ्या राहिल्या. त्या प्रत्येकाच्या घरी अशी बत्ती होती, आणि त्या प्रत्येकानं कुणाला तरी गळती नाही म्हणून सांगितलेलं होतं.

"साहेब, ही हिरवी का होत नाही?"

साहेबांनी चष्मा सारखा केला. "ह्या गॅसमध्ये क्लोरीन नाही, म्हणून. ते उघड आहे. सर्वांना माहीत असतं."

"आम्हले कोनी सांगं?" रमणचा आवाज फुटला. "मी तीन महिने बत्ती लावी राहिनू."

"पुस्तिकेत आहे."

"पुस्तिका कुठाय?"

"कंपनीत."

"कुठल्या भाषेत?"

साहेब म्हणाले, "तुम्हाला यंत्र घ्या म्हणून सांगितलं होतं. तुम्ही घेतलं नाहीत."

"कशासाठी घ्या ते सांगितलं नव्हतं. माल विकायला ते अर्धं पोटात ठेवलंत."

आणि मग मी भाव करायला बसलो. आयुष्यभर तेच केलं आहे. आधी मागितलं, की माझ्या शेडचं नाव घेऊन बोललात ते परत घ्या. साहेब म्हणाले, अधिकार नाही. मी म्हणालो, मग ज्यांचे फ्रीजर पुन्हा पुन्हा भरले त्यांना गॅस कंपनीनं द्यावा. म्हणाले, वर विचारावं लागेल. म्हणालो, मग इथल्या मिस्त्रींना एकेक दिवस शिकवायला माणूस पाठवा. म्हणाले, सध्या तशी योजना नाही. मी असा कधी उतरत गेलो नव्हतो. शेवटी म्हणालो, "सगळं सोडलं. माइकवर एक वाक्य बोला. नव्या गॅसला बत्ती चालत नाही, साबण लावा. एवढंच. मराठीत."

"हे असं अनौपचारिक सांगता येत नाही."

"का?"

साहेब कागद चाळू लागले, पण उत्तर हॉलमध्ये सगळ्यांना कळलं. ते वाक्य बोललं म्हणजे आधी बोललं नव्हतं हे कबूल झालं असतं.

नाना उठले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच खाली. "साहेब, पाहुण्यांनी फार उतरून मागितलं. इतक्या खाली आम्ही भाजीवालीलाही आणत नाही. बोलून टाका."

साहेबांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला, आणि म्हणाले, की नव्या रेफ्रिजरंटच्या संदर्भात पारंपरिक पद्धती अपुऱ्या ठरू शकतात. एवढं बोलून माइक ठेवला आणि पुढचं चित्र लावायला सांगितलं.

रमणनं तो माइक उचलला. त्याला माइकची सवय नव्हती, तोंडाला फार जवळ धरला. "नवा गॅसले बत्ती चालत नई. साबण लावा. दाढीना ब्रश घ्या. मीबी बत्तीच लावी राहिंतू." आणि खाली बसला.

फ्रीजर परत करायची गोष्ट त्या दिवशी कुणी काढली नाही. दुकानदार आपापल्या मिस्त्रीला घेऊन जिन्यातच उभे होते, कुणाची नळी कुठून बाहेर येते, कुणाचा फ्रीजर किती लग्नांना गेला, ह्याचा हिशेब लावत. साहेब पुढच्या चित्रावर होते. समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या होत्या.

कोल्हापूर

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी नानांचा फोन आला. अक्कांचा फ्रीजर बैलगाडीत गादीवरून बहिणीच्या गावी गेला. रमण पायी गाडीमागं, खिशात स्वतःचा ब्रश. तिथं उतरवल्यावर त्यानं मांडवात सगळ्यांदेखत आधी फ्रीजरची दाढी केली, मगच तो चालू होऊ दिला. व्याह्यांनी विचारलं, हा कुठला विधी. अक्का म्हणाल्या, आमच्याकडं नवरदेवाआधी फ्रीजर तयार होतो. आमरस गार होता. "आणि हो," नाना म्हणाले, "सलूनवाला ब्रश मागतोय."

आता खान्देशात जाणाऱ्या प्रत्येक फ्रीजरला मी आत वेटोळं देतो. आणि पाठीवर, मिस्त्री उकिडवा बसला की बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर येईल अशा जागी, पेंटरकडून लिहून घेतो: नव्या गॅसला बत्ती चालत नाही, साबण लावा.

कंपनीनं हरकत घेतली आहे. त्यांचा कॉम्प्रेसर आत असताना बाहेर असा मजकूर असणं त्यांना योग्य वाटत नाही, त्यानं नव्या गॅसबद्दल गैरसमज पसरतो म्हणे. त्यांच्या माणसानं शेडमध्ये येऊन सांगितलं. मी त्याला चहा दिला, पूर्ण ऐकून घेतलं, आणि त्याच्यासमोरच पेंटरला सांगितलं की उद्यापासून अक्षरं दुप्पट मोठी काढ, आणि लाल रंगात.